थरथर गाडीचीच होती

‘गाडी थरथरते’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आलं की आमच्या वर्कशॉपातली निम्मी माणसं चहाला सटकायची. आवाजाचं तसं नसतं. आवाज कुठून तरी एका जागेवरून येतो, कान लावला की सापडतो. एका मास्तरांच्या कोऱ्या कारमधला खडखडाट शोधता शोधता आम्ही दारंसुद्धा उघडून बघितली, आणि शेवटी सीटच्या खालून त्यांच्याच नातवाचा भोवरा निघाला. मास्तरांनी तो खिशात टाकला आणि आमच्याकडे न बघता निघून गेले. ते परवडलं. थरथर मात्र सगळ्या गाडीभर असते आणि बोट ठेवायला गेलं की कुठेच नसते. गिऱ्हाईक म्हणतं आहे, काउंटरवरचा पोऱ्या म्हणतो नाही, आणि दोघांच्या भांडणात गाडीत जाऊन बसायचं मी.

मी रोड टेस्टर होतो. हैदराबादेतल्या एका मोठ्या डीलरकडे, नाव सांगत नाही, अजून तिथे माझ्या दोस्तांची पोटं भरतायत. दुरुस्त झालेली गाडी चालवून बघायची, आणि जो दोष कुणालाच सापडत नाही तो चालवून सांगायचा, एवढंच काम. आमची बायको अंबरपेठेतल्या शेजारणींना सांगायची, ‘ह्यांना नव्या नव्या गाड्यांतून हिंडायचा पगार मिळतो.’ ऐकून मलाही बरं वाटायचं. वर्कशॉपात मला ‘कदम साब’ म्हणायचे, आणि कुणाची मती गुंग झाली की आमचे जुने मेकॅनिक गौसभाई ओरडायचे, ‘अरे कदम साब कू बुलाओ, उनो तलवे से पढ़ते!’

ते खरंच होतं. थरथरीची गाडी मी चपला काढून चालवायचो. लोक हसायचे. हसोत. थरथर कानाला नाही, अंगाला कळते. स्टिअरिंग हातात फडफडलं तर बहुतेक पुढची चाकं. सीटखाली बुडाला लागलं तर मागची बाजू. आणि तळपायाखालची पत्र्याची जमीन गुणगुणायला लागली तर मधलं काही तरी. मग वेगात असताना गाडी न्यूट्रल करायची. इंजिन उतरलं तरी थरथर राहिली तर इंजिन सुटलं, दोष फिरणाऱ्या सामानात. असं एकेक करत संशयितांना घरी पाठवायचं, उरेल तो चोर. यात जादूटोणा काही नाही. फक्त गाडी ज्या हालात थरथरते त्याच हालात ती चालवायला पाहिजे, आणि आळशी माणसं नेमकं तेच करत नाहीत.

दिवाळी अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, ‘गमतीशीर किस्से लिहा.’ गमतीशीर होते ते वर लिहिले. आता जो लिहितो त्यात गंमत नाही.

दसऱ्याच्या दिवशी आमचं शोरूम म्हणजे जत्रा असायची. तेलुगू मंडळी गुम्मडिकाया, म्हणजे आपला भोपळा, गाडीवरून उतरवून फोडायची, आपली माणसं नारळ फोडायची, चाकाखाली लिंबं, बॉनेटवर हळदकुंकू, सगळी फरशी निसरडी. त्या दिवशीची गाडी त्याच दिवशी पाहिजे. दुसऱ्या दिवशी म्हणाल तर लोक मॅनेजरची गचांडी धरतील. त्या जत्रेत एका बाजूला सुनंदाताई उभ्या होत्या. पांढरी साडी, हातात झेंडूची दोनच फुलं, आणि शेजारी त्यांचा धाकटा भाऊ मिलिंद. ताई मूळच्या नांदेडकडच्या, सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, निवृत्त होऊन विद्यानगरला राहायच्या. त्यांनी आपल्या पैशांनी पिकअप घेतली होती, भावाला धंद्याला लावायला.

मी मराठी बोलतोय म्हटल्यावर त्यांना धीर आला. म्हणाल्या, ‘भाऊ, तुमच्या लोकांना लई त्रास दिला मी. गाडी आजच पाहिजे म्हणून बसले. मागच्या अशोक विजयादशमीला यानं विहारात सगळ्यांसमोर पाचवं शील घेतलं. दारूला शिवणार नाही म्हणाला. आज वर्ष झालं. किल्ली आजच त्याच्या हातात द्यायची होती मला.’ मिलिंद मान खाली घालून हसत होता. त्याची नोकरी दारूत गेली होती, बायको माहेरी गेली होती, आई नसलेल्या या पोराला ताईंनीच वाढवलेलं. किल्ली घेताना त्याचे हात थोडे कापले. माझ्या डोळ्यांनी मी बघितलं. ती किल्ली मिळाल्यावर माझेही कापले असते.

गाडीचं काम होतं तांडूरची फरशी आणून शहरातल्या दुकानदारांना पोचवायचं. काहीच दिवसांत मिलिंद तक्रार घेऊन आला. रिकामी गाडी लोण्यासारखी चालते, फरशी भरून साठच्या पुढं गेलं की खालून थरथरायला लागते. काउंटरवरच्याने गाडी चौकाला एक चक्कर मारून आणली, रिकामी, गर्दीत, जिथे चाळीसच्या वर काटा जात नाही. ‘सब नॉर्मल है’ म्हणाला. मिलिंद परत आला. चाकं बॅलन्स करून दिली. तो परत आला. त्या खेपेला त्याच्यासमोर चहा ठेवला तर त्याने ग्लास दोन्ही हातांनी धरला, आणि काउंटरवरच्यांनी एकमेकांकडे बघून डोळे मिचकावले. झालं! गाडीत दोष नाही, ड्रायव्हरच थर्राता है. वर्कशॉपात हा विनोद दिवसभर फिरला. दारू सोडून वर्ष उलटलं तरी काहींच्या हाताला थोडा कंप राहतो, हे त्यांना कोण सांगणार?

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण एका फेरीत बऱ्याच लाद्या तडकल्या आणि दुकानदारानं ताईंना फोन केला, की तुमचा ड्रायव्हर गाडी कशी आणतो ते बघा. ताई मिलिंदला घेऊन तडक वर्कशॉपात आल्या. आमचे मॅनेजर बोलायला गोड. त्यांनी ताईंना केबिनमध्ये बसवलं, पाणी दिलं आणि दारातूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, ‘अम्मा, बुरा नक्को मानो. ड्रायव्हर पीता क्या?’

मिलिंद बाहेर उभा होता. तो म्हणाला, ‘ताई, शप्पथ. गाडीच थरथरायलीय. मी खोटं बोलायलोय का?’

ताईंनी त्याच्या तोंडाकडे बघितलंच नाही, हातांकडे बघितलं. नर्सची नजर ती. म्हणाल्या, ‘किल्ली दे इकडं.’ सगळ्यांसमोर. त्यानं दिली. वाद घातला नाही, ओरडला नाही, फाटकातून बाहेर पडला आणि पायी निघून गेला. ताईंनी दुसरा ड्रायव्हर ठेवला. परका ड्रायव्हर कशाला तक्रार करतोय? गाडी त्याची नाही, फरशी त्याची नाही. हळू हाकायचा आणि घरी जायचा.

मी तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी सुट्टीवर होतो. आल्यावर हे सगळं गौसभाईंनी सांगितलं. आणि दोनेक दिवसांनी मिलिंद एकटाच आला, फाटकाजवळ माझी वाट बघत. गाडी नव्हती, किल्ली नव्हती, काही मागायला आला नव्हता. म्हणाला, ‘काका, गाडी सर्व्हिसला येईल तेव्हा एकदा लोड टाकून बघा. तेवढंच.’

गाडी आली. मी वाळूची पोती भरायला लावली तेव्हा स्टोअरवाला कुरकुरला, ‘पिकअप टेस्ट करते या घर बाँधते साब?’ रिंग रोडला लागलो, चपला काढल्या. पन्नास, काही नाही. साठच्या थोडं पुढे गेलो आणि तळपायाखाली पत्रा बोलायला लागला. बारीक नाही, चांगली थरथर. पाण्याची बाटली खाचेतून उडून खाली पडली. न्यूट्रल केली, थरथर तशीच. म्हणजे इंजिन नाही. परत येऊन चारी चाकं दुसऱ्या गाडीची लावून पुन्हा गेलो. तशीच. अरे माझ्या कर्मा! एवढं साधं काम, आणि ते करायच्या ऐवजी एका माणसाच्या तोंडाचा वास घेत बसले होते.

उरला प्रॉपेलर शाफ्ट. इंजिनची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा तो लांब लोखंडी दांडा गाडीच्या पोटाखाली फिरत असतो. त्याच्या दोन टोकांना दोन सांधे. पहिला सांधा फिरताना हलका झटका देतो, दुसरा तो झटका गिळून टाकतो, पण दोघं एका रेषेत असले तरच. दोन माणसं कपाट उचलून जिना उतरतात तेव्हा पावलं जुळावी लागतात ना, तसं. हा दांडा दोन तुकड्यांचा असतो, म्हणून दोन्ही तुकड्यांवर कारखान्यातून एकेक बाण कोरलेला असतो. जोडताना बाणासमोर बाण. रिकाम्या गाडीत चूक झाकून राहते, लोड पडला की मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या दबतात, शाफ्टचा कोन बदलतो आणि चूक उघडी पडते.

गौसभाई गाडीखाली गेले, टॉर्च मारला, फडक्यानं चिखल पुसला. मी म्हटलं, ‘क्या हुआ?’

‘तीर से तीर नहीं मिलरा साब.’

नव्या गाडीचा शाफ्ट कुणी कशाला उघडेल? तेही गौसभाईंनीच सांगितलं, गाडीखालूनच. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ही पिकअप स्टॉकयार्डात चालूच होईना. बाईंना तर उद्याच पाहिजे. मग ओढून आणली. ओढताना मागची चाकं फिरून गिअरबॉक्सला इजा होऊ नये म्हणून शाफ्ट सोडवतात. तो सोडवला, इथे आणून गाडी चालू केली, आणि गडबडीत परत चढवला. बाण कुणी बघितला नाही. गौसभाई बाहेर आले, हात पुसत म्हणाले, ‘मैंच चढ़ाया था. अम्मा कू मैं खुद बोल देता, माफी माँग लेता.’ हा माणूस असा. त्यांच्यावर माझा राग नाही, तेव्हाही नव्हता.

दोष सापडला की हात शिवशिवतात. आम्ही तिथल्या तिथे शाफ्ट सोडवला, बाण जुळवले, वाळूसकट गाडी रिंग रोडला नेली. ऐंशीला पोटातलं पाणी हलत नव्हतं. दोघंही शाळकरी पोरांसारखे खूश. परत येऊन मॅनेजरला सांगितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

‘कदम साब, बाहर नक्को बोलो. दसरे की सब गाड़ियाँ वापस आ जातीं.’

मी म्हटलं, बाकी कुणाच्या शाफ्टला हात लागलेला नाही, एकच गाडी ओढून आणली. ‘लोगाँ कू क्या मालूम?’ म्हणाले. गाडी ठीक झाली ना? मग झालं. आणि माझ्यासमोर ताईंना फोन लावून म्हणाले, ‘अम्मा, पूरा चेक किया, कुछ प्रॉब्लमच नहीं था.’ मी तिथे उभा होतो. मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी फोन ठेवला.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी विद्यानगरला ताईंच्या घरी गेलो. जयभीम केला, बसलो, बाण, शाफ्ट, स्टॉकयार्ड, सगळं सांगितलं. ताई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, ‘भाऊ, खरं सांगा. मिलिंद आला होता का तुमच्याकडं?’

‘आला होता.’

‘तरीच.’ त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. ‘तुम्ही भले आहात. पण दवाखान्यात जन्म गेला माझा. दारुड्यासाठी भली भली माणसं येऊन खोटं बोलतात. आज मी स्वतः बसून गाडी बघितली, फरशी भरून. काही थरथरत नाही.’

‘आता नाही थरथरत ताई, आता नीट केली!’

‘तुमचे मॅनेजर म्हणाले काही नव्हतंच.’

आता काय दाखवू? इतर धंद्यांत पुरावा उरतो. दाताच्या डॉक्टरला काढलेला दात हातात ठेवता येतो. आमचा दोष गेला की मागे काहीच राहत नाही, सुरळीत चालणारी गाडी तेवढी राहते. चहा तसाच ठेवून मी उठलो.

मिलिंदला शोधत दिलसुखनगरला गेलो. कोचिंगच्या पोरांच्या एका हॉस्टेलसाठी भाजी आणायची व्हॅन तो चालवत होता, तिथल्याच स्वयंपाक्याबरोबर खोलीत राहत होता. मी आधी त्याचे डोळे बघितले, खोटं कशाला सांगू. तो समजला. ‘नाही काका. तिला वाटायलंय मी प्यायलो. आता पिऊन तिला खरं कशाला करू?’

मी शाफ्टचं सांगितलं. त्याला नवल वाटलं नाही. ‘मला माहीतच होतं की. मी चालवत होतो ना.’ ताई काय म्हणाल्या तेही त्याने विचारून घेतलं. मी आडपडदा ठेवला नाही. तो भाजीच्या रिकाम्या क्रेट एकात एक घालत होता. ते काम संपवून म्हणाला, ‘काका, शाफ्ट परत तसाच बसवता येतो का? वाकडा?’

‘येतो. पण कशाला?’

‘तिला बाजूला बसवा. लोड टाका. रिंग रोडला एक चक्कर मारा. मी येत नाही, तुम्हीच चालवा. तुमचे हात तर कापत नाहीत.’

नीट असलेली गाडी मुद्दाम बिघडवायची! सगळी नोकरी उलट काम करण्यात गेली. घरी येऊन जेवलो नाही, बायको म्हणाली, कुणाशी भांडण झालं का? गौसभाईंना विचारलं तर ते म्हणाले, ‘हौ, करते. बिगाड़ना तो अपन कू आताइच है.’ हसले, पण डोळ्यांत हसू नव्हतं.

पुढच्या सर्व्हिसला मॅनेजर तिरुपतीला गेलेले. गौसभाईंनी बाण हुकवून शाफ्ट चढवला, आम्ही पोती भरली, मी एकटा जाऊन खात्री करून आलो. तीच थरथर, बाटली उडवणारी. मग ताईंना फोन केला, की गाडी घ्यायला ड्रायव्हरला पाठवू नका, स्वतः या. त्या आल्या. मी त्यांना अंगणात उभ्या गाडीपाशी नेलं आणि सगळं उघड सांगितलं. ‘ताई, होती तशी करून ठेवलीय. मिलिंद इथं नाही. मी चालवतो. तुम्ही नुसत्या बसा. बुडाखाली काय होतं ते तुम्हालाच कळेल, मग मला खोटारडा म्हणा नाही तर मॅनेजरला म्हणा.’

गौसभाई मागे उभे होते. ते पुढे झाले आणि म्हणाले, ‘अम्मा, गलती मेरी थी. मैंच उल्टा चढ़ाया था. भाई आपका सच्चा है.’

ताईंनी दार उघडलं. पायरीवर एक पाय ठेवला, वरची कडी धरली. मी इंजिन सुरू केलं. त्या तशाच उभ्या राहिल्या, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर. मला वाटलं गुडघे दुखत असतील, मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. पाय खाली घेतला.

‘नको भाऊ.’

‘दहा मिनिटांचं काम आहे ताई.’

‘नको. दाखवू नका मला.’ त्यांचा आवाज एवढा खाली गेला की इंजिन बंद करून ऐकावं लागलं. ‘सगळ्यांसमोर किल्ली काढून घेतली मी त्याच्याकडून. वर्षभर पोरानं कसं काढलं ते मी बघितलंय, रात्री उठून उठून पाणी पीत बसायचा. आता हे खरं निघालं तर मी कुठल्या तोंडानं त्याच्यापुढं उभी राहू?’

पदर तोंडाला लावून त्या फाटकापर्यंत गेल्या, रिक्षा केली आणि गेल्या. गाडी ड्रायव्हर येऊन नेईल म्हणाल्या. आम्ही शाफ्ट सोडवला, बाणासमोर बाण आणला, नट आवळले.

मिलिंदचा फोन आला. ‘बसली का?’

‘दारापर्यंत आल्या. पायरीवर पायसुद्धा ठेवला. पण बसल्या नाहीत.’

मागे हॉस्टेलच्या पोरांचा कालवा चालला होता. तो म्हणाला, ‘म्हणजे तिला पटलंय.’

‘पटलंय रे बाबा. मग जा की घरी.’

‘मी गेलो होतो का घरातनं? तिनं बोलवू दे.’

मी दोघांनाही समजावलं, माझ्या परीनं. एकीला तोंड नाही, दुसऱ्याला निमंत्रण नाही. मोडलेलं सामान असतं तर बदलून दिलं असतं. त्यानंतर मी निवृत्त झालो. मिलिंद अजून तीच व्हॅन चालवतो आणि अजून पीत नाही. मॅनेजर बढती घेऊन मोठ्या शोरूमला गेले.

परवा विद्यानगरच्या भाजीबाजारात ताई भेटल्या. वाळल्यात खूप. माझ्या नातवाची चौकशी केली, गौसभाईंची केली. मी मिलिंदचं नाव काढावं की नाही या विचारात होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, ‘गाडी एकदम छान चालायलीय बरं का भाऊ.’ मी गाडीचं काही विचारलं नव्हतं.